धागा : वीज गेली की डीव्हीआर बंद पडून पुन्हा सुरू होतो. अडॅप्टरवरून बॅटरीवर जाण्यात नेमके कुठे अडते?

गिरगावातला_चिटणीस

आमच्या गिरगावातील सोसायटीच्या कार्यालयात चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारे यंत्र) आणि फायबरचा राउटर आहे. ही सर्व उपकरणे १२ व्होल्ट डीसीवर चालतात आणि मिळून साधारण अडीच अँपिअर करंट घेतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरातील वीज एकाएकी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, त्या दिवशी कॅमेरेही बंद होते. त्यानंतर सर्वसाधारण सभेत या उपकरणांना बॅटरीचा आधार द्यावा असे ठरले, आणि पुढे एका स्थानिक कारागिराकडून आम्ही तशी व्यवस्था करून घेतली. ती अशी आहे :

१२ व्होल्ट, ५ अँपिअरचा एक अडॅप्टर आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एक सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे आणि तिला एक अँपिअरचा स्वतंत्र चार्जर कायम जोडलेला आहे. मध्ये १२ व्होल्ट कॉइलचा साधा रिले आहे, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने आतली पट्टी हलवून जोडणी बदलणारा स्विच. त्याची कॉइल अडॅप्टरच्या आउटपुटवरच जोडली आहे. अडॅप्टर चालू असेपर्यंत रिले ओढलेला राहतो आणि उपकरणांना अडॅप्टरकडून पुरवठा होतो, अडॅप्टर बंद झाला की रिले सुटतो आणि उपकरणे बॅटरीवर जातात. अडॅप्टर आणि बॅटरी यांचे निगेटिव्ह एकत्र जोडलेले आहेत, बदल फक्त पॉझिटिव्ह तारेत होतो.

अडचण अशी की वीज गेली की पडदा काळा होतो, डीव्हीआर नव्याने सुरू होतो, आणि त्यानंतर बॅटरीवर व्यवस्थित चालत राहतो. वीज परत आल्यावर मात्र काहीही होत नाही, चित्रीकरण अखंड चालू राहते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे, कारण चोरी किंवा आग यांसारखी घटना नेमकी वीज गेल्याच्या त्या मिनिटातच घडली तर तेवढेच चित्रीकरण हाती नसेल.

ओहम१२

सर्वप्रथम बॅटरी तपासून घ्यावी. मुंबईत वीज फारशी जात नसल्यामुळे बॅटरी वर्षानुवर्षे चार्जरवर नुसती पडून असते आणि आतून कमजोर झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. लोड नसताना मीटरवर १२.७ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी चांगली आहे असे समजू नये. चार्जर काढून थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब तिच्यावर लावावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. बल्ब पाच मिनिटे जळत असताना व्होल्टेज १२च्या वर टिकले तर बॅटरीत दम आहे. ते लगेच साडेदहा-अकरापर्यंत घसरले तर बॅटरी बदलावी लागेल. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर तोही साफ करावा. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत तो लवकर चढतो.

गिरगावातला_चिटणीस

सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. बल्ब लावण्यापूर्वी १२.७ व्होल्ट होते आणि बल्ब जळत असताना ते १२.४वर स्थिर राहिले. टर्मिनल स्वच्छ आहेत. म्हणजे बॅटरी ठीक दिसते.

संधारित्र

तर मग रिलेची पट्टी एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर जाते तेवढा वेळ उपकरणांना पुरवठा मिळत नाही, हेच कारण असले पाहिजे. हा वेळ पाच ते दहा मिलिसेकंदांचा असतो. लोडच्या बाजूला मोठा कपॅसिटर (थोडा वेळ वीज साठवून ठेवणारा भाग) लावल्यास तेवढी पोकळी भरून निघेल. हिशोब सोपा आहे : अडीच अँपिअर करंट दहा मिलिसेकंद पुरवायचा आणि त्या काळात व्होल्टेज दोन व्होल्टपेक्षा जास्त उतरू द्यायचे नाही, तर २.५ गुणिले ०.०१० भागिले २, म्हणजे १२,५०० मायक्रोफॅरड. व्यवहारात ४,७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे तीन कपॅसिटर समांतर जोडावेत.

निवृत्त_तारतंत्री

संधारित्र यांचा हिशोब बरोबर आहे, तरीही कपॅसिटर आणायला जाण्यापूर्वी मूळ प्रश्नातील एका वाक्याकडे सर्वांनी पुन्हा पाहावे. चिटणीस लिहितात की वीज परत येताना काहीही होत नाही. रिलेची पट्टी जाताना जेवढे अंतर कापते तेवढेच येतानाही कापते, आणि पोकळी दोन्ही वेळा जवळपास सारखीच असते. येतानाची पोकळी डीव्हीआर स्वतःच्या आतल्या कपॅसिटरवर सहज निभावतो, तर मग जातानाच्या पोकळीने तो बंद का पडावा? माझ्या मते इथे दोष पोकळीचा नसून उशिराचा आहे, आणि उशीर कपॅसिटरने भरून काढायचा म्हटले तर तो कितीही मोठा घेतला तरी अपुरा पडेल.

चिटणीस, यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. खोलीत शांतता असताना अडॅप्टरचे २३० व्होल्टचे बटण बंद करावे आणि दोन गोष्टी कोणत्या क्रमाने घडतात ते पाहावे : पडदा आधी काळा होतो की रिलेचा ‘टक्’ आधी ऐकू येतो? त्यानंतर डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर यांच्या पिना काढून, लोड नसताना तीच चाचणी पुन्हा करावी.

गिरगावातला_चिटणीस

पडदा आधी काळा होतो आणि रिलेचा आवाज त्यानंतर येतो, असे स्पष्ट जाणवते. लोड काढल्यावर तर बटण बंद केल्यानंतर आवाज यायला बराच वेळ लागला. कार्यालयातील इतर सभासदांनीही तेच ऐकले.

निवृत्त_तारतंत्री

मग निदान झाले. सविस्तर लिहितो, कारण हाच दोष मी अनेक इमारतींतील व्यवस्थांत पाहिला आहे आणि तो समजून न घेता लोक रिले, बॅटरी, अडॅप्टर असे एकेक बदलत बसतात.

१२ व्होल्टचा रिले १२ व्होल्टला ओढला जातो आणि १२ व्होल्ट गेले की सुटतो, अशी आपली समजूत असते. निर्मात्याच्या तक्त्यात पाहिले तर ओढण्याचे व्होल्टेज साधारणतः ७५ टक्के, म्हणजे ९ व्होल्ट असते, आणि सोडण्याचे व्होल्टेज १० टक्के, म्हणजे १.२ व्होल्ट इतके खाली लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की तेवढ्यापर्यंत तो नक्की सुटेल, त्याआधी सुटेलच अशी हमी नाही. प्रत्यक्षात असे रिले पुष्कळदा तीन-चार व्होल्टपर्यंत धरून राहतात, कारण पट्टी एकदा चुंबकाला चिकटली की तिला धरून ठेवायला फार थोडा करंट पुरतो.

आता वीज गेल्यावर काय होते ते क्रमाने पाहू. अडॅप्टरच्या आतील उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर काही मिलिसेकंद आउटपुट सांभाळतो. नंतर ते घसरू लागते. बाराचे अकरा होतात, दहा होतात, नऊ होतात. या टप्प्यावर डीव्हीआर मान टाकतो. रिले मात्र अजून ओढलेलाच असतो आणि उपकरणांना त्या मरत्या अडॅप्टरलाच जोडून ठेवतो. यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डीव्हीआर बंद पडला की अडॅप्टरवर ओढ उरत नाही. उरते ती रिलेची कॉइल, जी सुमारे ४०० ओहमची असते आणि जेमतेम तीस मिलिअँपिअर घेते. आउटपुटचा कपॅसिटर २,००० मायक्रोफॅरडचा धरला तर ४०० ओहममधून आठाचे चार व्होल्ट व्हायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. त्या अर्ध्या सेकंदात बॅटरी शेजारी भरलेली उभी आहे आणि तिच्याकडे कोणी वळत नाही. लोड काढल्यावर आवाज आणखी उशिरा का आला, याचेही उत्तर यातच आहे.

येताना हा त्रास होत नाही, कारण अडॅप्टरचे व्होल्टेज चढताना नऊपर्यंत पोहोचल्यावरच रिले ओढला जातो आणि पट्टी पलीकडे टेकेपर्यंत अडॅप्टर बाराच्या जवळ आलेला असतो.

म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की अदलाबदलीचा निर्णय कोणत्या ठिकाणचे व्होल्टेज पाहून घेतला जातो. आपल्या व्यवस्थेत तो सर्वांत शेवटी मरणाऱ्या ठिकाणी घेतला जातो.

मुलुंड_पूर्व

रिले पूर्णपणे काढून टाकून दोन शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) का लावू नयेत? एक अडॅप्टरकडून, एक बॅटरीकडून, आणि दोघांचे कॅथोड, म्हणजे करंट बाहेर पडणारी टोके, एकत्र करून लोडला. मग पोकळीही नाही आणि उशीरही नाही. मी घरच्या राउटरला असेच केले आहे आणि ते उत्तम चालते, मात्र माझी बॅटरी तीन लिथियम सेलची आहे.

लॅमिंग्टन_रस्ता

मुलुंड पूर्व, तुमची सूचना तत्त्वतः उत्तम आहे, पण चिटणिसांच्या जोडणीत ती जशीच्या तशी चालणार नाही. दोन डायोडांच्या जोडणीत ज्याचे व्होल्टेज जास्त तो पुरवठा करतो. मुख्य कोण आणि राखीव कोण हे डायोडला कळत नाही. अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे. चार्जरवर असलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी साडेतेरा व्होल्टच्या वर असते आणि चार्जर काढला तरी पूर्ण भरलेली असताना १२.७ किंवा त्याहून थोडी वर असते. म्हणजे वीज असतानाच सगळा लोड बॅटरीवर जाईल, एक अँपिअरचा चार्जर अडीच अँपिअरच्या ओढीला पुरणार नाही, आणि बॅटरी उतरत उतरत बारा व्होल्टच्या आसपास आली की मगच अडॅप्टर कामाला लागेल. त्या स्थितीत बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी असते, आणि खरी वीज जाईल तेव्हा तेवढाच आधार कमी मिळेल.

काही जण बॅटरीच्या बाजूला पी-चॅनेल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून त्याचे गेट, म्हणजे नियंत्रणाचे टोक, अडॅप्टरला जोडतात. बॅटरीचे व्होल्टेज मुख्य पुरवठ्यापेक्षा कमी असेल तर ती रचना सुरेख चालते. इथे मात्र मॉसफेट बंद असला तरी त्याच्या आतला बॉडी डायोड बॅटरीकडून लोडकडे वाहू देईल, कारण बॅटरी दीड-दोन व्होल्टने वर आहे. ते थांबवायचे तर दोन मॉसफेट पाठीला पाठ लावून जोडावे लागतील.

डायोडच हवे असतील तर मुख्य पुरवठा बॅटरीच्या वर न्यावा लागेल, म्हणजे १५ व्होल्टचा अडॅप्टर, आणि पुढे १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. तो व्होल्टेज चढवणारा आणि उतरवणारा अशा दोन्ही प्रकारचा असावा, नाहीतर बॅटरी बाराच्या खाली आली की उपकरणांना कमी व्होल्टेज मिळेल.

निवृत्त_तारतंत्री

कमी खर्चात आणि आहे त्या सामानात काम करायचे असेल तर माझी सूचना अशी आहे. रिले बदलून २३० व्होल्ट एसी कॉइलचा, बेसमध्ये बसणारा आठ पिनांचा रिले घ्यावा आणि त्याची कॉइल अडॅप्टरच्या इनपुटवर, म्हणजे सरळ विजेवर जोडावी. वीज गेली की हा रिले एखाद्या आवर्तनाच्या आत, ५० हर्ट्झला सुमारे वीस मिलिसेकंदांत सुटतो. पाच अँपिअरचा अडॅप्टर अडीच अँपिअरवर चालत असल्यामुळे वीज गेल्यानंतर त्याहून अधिक वेळ आउटपुट सांभाळतो. म्हणजे अडॅप्टर जिवंत असतानाच लोड बॅटरीवर पोहोचतो आणि फक्त पट्टीच्या प्रवासाची पोकळी उरते, जी डीव्हीआर आजही निभावतो आहे.

एक इशारा आवर्जून देतो. एकाच रिलेच्या एका बाजूला २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला १२ व्होल्ट असतील. काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे, दोन्ही तारा वेगळ्या बाजूंनी न्याव्यात आणि सर्व सामान झाकण असलेल्या पेटीत बसवावे. कार्यालय तळमजल्यावर असल्यास पेटी जमिनीपासून पुरेशी उंच लावावी. पावसाळ्यात गिरगावात पाणी कुठपर्यंत चढते हे तिथल्या रहिवाशांना सांगण्याची गरज नाही.

गिरगावातला_चिटणीस

आमच्या तारतंत्र्याने लॅमिंग्टन रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून रिले आणून पेटीत बसवला. आता वीज घालवली असता पडदा जराही हलत नाही, ही फार समाधानाची गोष्ट आहे. परंतु पूर्वी नसलेली एक नवी अडचण उभी राहिली : वीज परत आली की डीव्हीआर पुन्हा सुरू होतो.

संधारित्र

याचे कारण निवृत्त तारतंत्री यांच्याच विवेचनातून निघते. पूर्वी रिले अडॅप्टरचे आउटपुट पाहत होता, त्यामुळे जाताना त्याला उशीर होत असे आणि येताना तो योग्य वेळी ओढला जाई. आता तो विजेलाच पाहतो. वीज येताच तो काही मिलिसेकंदांत लोड अडॅप्टरकडे नेतो, पण अडॅप्टरला आतून सुरू होऊन १२ व्होल्ट द्यायला काही शे मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ उपकरणे मृत अडॅप्टरवर लटकतात. जाताना बातमी लवकर हवी आणि येताना सावकाश हवी, अशी ही दुहेरी गरज आहे.

निवृत्त_तारतंत्री

संधारित्र यांनी अचूक मांडले. उपाय पॅनेलमध्ये नेहमी वापरला जाणारा ऑन-डिले टाइमर हा आहे. टाइमरला विजेवर जोडावे आणि रिलेच्या कॉइलची फेज टाइमरच्या नॉर्मली ओपन (एरवी उघड्या असणाऱ्या) पॉइंटमधून न्यावी. वेळ दहा सेकंद ठेवावी. वीज आली की टाइमर दहा सेकंद मोजेल, तोपर्यंत लोड बॅटरीवरच राहील, अडॅप्टर निवांत पूर्ण व्होल्टेजला येईल, आणि मग रिले ओढला जाईल. वीज जाताना मात्र टाइमरची वाट पाहावी लागत नाही, कारण रिलेच्या कॉइलमधील करंट विजेबरोबरच जातो. म्हणूनच लोड टाइमरच्या पॉइंटमधून थेट नेऊ नये असे मी सांगतो : कित्येक इलेक्ट्रॉनिक टाइमर स्वतःच्या आतल्या कपॅसिटरमुळे सुटायला थोडा वेळ घेतात, आणि आपण पुन्हा पहिल्या दोषाकडे जाऊ.

दहा सेकंदांचा आणखी एक उपयोग आहे. वीज परत येताना ती बऱ्याचदा एकदा येते, लगेच जाते आणि मग स्थिर होते. प्रत्येक हेलकाव्याला रिले नाचला तर त्याचे पॉइंट जळतात आणि उपकरणांनाही धक्के बसतात. टाइमर हे सगळे हेलकावे गाळून टाकतो.

ओहम१२

एक शंका. व्होल्टेज कमी झाले तर? अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो, तो १५० व्होल्टलाही चालेल, पण एसी रिलेची कॉइल तेव्हा घरघरू लागेल.

निवृत्त_तारतंत्री

शंका रास्त आहे. असा रिले ओढायला साधारणतः ८० टक्के, म्हणजे १८४ व्होल्ट लागतात. त्याखाली वीज परत आली तर तो ओढला जाईलच असे नाही, आणि वीज चालू असूनही उपकरणे बॅटरीवर राहतील. दक्षिण मुंबईत एवढी घट क्वचितच होते. जिथे संध्याकाळी दिवे मंद होतात अशा ठिकाणी मात्र साध्या रिलेऐवजी व्होल्टेज मॉनिटरिंग रिले घ्यावा, ज्यात सोडण्याचे आणि ओढण्याचे व्होल्टेज वेगवेगळे ठरवता येते, उदाहरणार्थ १७० आणि १८५. या दोन आकड्यांत अंतर ठेवले नाही तर व्होल्टेज सीमेवर असताना रिले टकटक करत राहतो.

गिरगावातला_चिटणीस

टाइमर बसवला. आता वीज जाताना आणि येताना, दोन्ही वेळा चित्रीकरण अखंड राहते. राउटरही बंद पडत नाही. डीव्हीआरमधील नोंदीत पुन्हा सुरू झाल्याची खूण नाही. सोसायटीच्या दफ्तरासाठी आकृती काढून ती पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवली आहे, म्हणजे पुढे कोणी दुरुस्तीला आले तर त्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

लॅमिंग्टन_रस्ता

चिटणीस, काम पूर्ण झाले असले तरी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत पाच अँपिअरचा फ्यूज आहे का? तारेत शॉर्ट झाला तर अडॅप्टर स्वतःला बंद करतो, बॅटरी करत नाही. ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये शंभरावर अँपिअर ओतू शकते, आणि तेवढ्यात बारीक तारेचे आवरण पेट घेते.

दुसरे म्हणजे चार्जरचे व्होल्टेज. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीला कायम जोडून ठेवायचे तर २५ अंश तापमानाला साडेतेरा ते १३.८ व्होल्ट योग्य असतात, आणि तापमान वाढेल तसे ते प्रत्येक अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्टने कमी करावे लागते. बंद पेटीत एप्रिल-मे महिन्यांत ३५ अंश सहज होतात, त्यामुळे १३.५च्या आसपास ठेवणे बरे. त्याहून जास्त ठेवल्यास आतले पाणी उडून बॅटरी फुगते. चार्जर शक्यतो त्या पेटीच्या बाहेर ठेवावा.

अडीच अँपिअरच्या ओढीला ही बॅटरी दोन तासांच्या आसपास टिकेल, कारण सात अँपिअर-तासांचा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करण्यासाठीचा असतो. तिला साडेदहा व्होल्टच्या खाली उतरू दिले तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. सध्या तुमच्या व्यवस्थेत तिला तिथे थांबवणारे काही नाही. अकरा व्होल्टला लोड तोडणारे लहान मोड्यूल बॅटरी आणि रिले यांच्यामध्ये बसवावे, आणि बॅटरी सावरल्यावर लगेच पुन्हा जोडले जाऊ नये म्हणून त्याचे जोडण्याचे व्होल्टेज साडेबाराच्या वर ठेवावे.

गिरगावातला_चिटणीस

फ्यूज आहे, पण तो रिलेजवळ आहे. तो बॅटरीजवळ हलवून घेतो आणि लोड तोडणारे मोड्यूलही मागवतो. चार्जरचे व्होल्टेज आज मोजले, ते १३.९ आहे; त्याच्या आत व्होल्टेज कमी-जास्त करण्याचा लहान स्क्रू आहे, तो तारतंत्र्याकडून १३.५वर आणून घेईन.

निवृत्त_तारतंत्री

चार्जरचे व्होल्टेज बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच लावून घ्यावे. अर्धवट भरलेली बॅटरी व्होल्टेज खाली ओढते आणि त्या वेळी लावलेला आकडा भरल्यानंतर वर जातो. आणि महिन्यातून एकदा मुख्य बटण बंद करून अर्धा तास सर्व उपकरणे बॅटरीवर चालवावीत, शेवटी व्होल्टेज मोजून ते पेटीवरच्या आकृतीखाली तारखेसह लिहावे. हा आकडा महिन्यागणिक उतरू लागला की बॅटरी केव्हा बदलायची ते सभेपुढे पुराव्यानिशी मांडता येईल.